उणे ९० मिनिटांचं प्रकरण: दोन भाषा, एक आयआर

बग रिपोर्ट एका ओळीचा होता. वेळेतला फरक उणे दीड तास असताना प्रोग्राम -२:३० छापतो, छापायला हवं -१:३०. चूक नेमकी एका तासाची. त्यामुळे पहिला संशय टाइमझोनवर गेला आणि त्यात आमचा अर्धा दिवस गेला. टाइमझोनचा काही संबंध नव्हता. चूक आमच्या कंपायलरच्या (प्रोग्रामचं मशीन कोडमध्ये भाषांतर करणाऱ्या साधनाच्या) मधल्या कोडमध्ये, म्हणजे आयआरमध्ये होती. ती घालायला मीच सुचवलं होतं, म्हणून हे प्रकरण मीच लिहितोय.

आधी मांडणी सांगतो. आमच्याकडे एका भाषेचा कंपायलर वर्षानुवर्षं चालत होता. तिला इथे क म्हणू. ती सी वळणाची आहे: पॉइंटर, ठरावीक रुंदीचे (म्हणजे ठरावीक बिटांचे) पूर्णांक आणि भागाकाराचं उत्तर शून्याकडे छाटलेलं. बॅकएंड, म्हणजे आयआरवरून मशीन कोड काढणारे भाग, दोन होते: एक एक्स८६-६४ प्रोसेसरसाठी, एक ६४ बिटी आर्मसाठी. मग दुसरी भाषा आली, ख. ती पायथॉनच्या वळणाची. तिच्यात पूर्णांक भागाकार खाली उतरतो: -७ भागिले २ केलं की क मध्ये -३ येतात, ख मध्ये -४. बेरीज रुंदीबाहेर गेली तर क म्हणते, असं होणारच नाही असं धरून चाला. ख म्हणते, प्रोग्राम तिथेच थांबवून चूक सांगा.

प्रश्न असा होता की ख साठी वेगळा बॅकएंड लिहायचा की आहे तोच आयआर वापरायचा. आम्ही आयआर उघडून बघितला. जोड, वजा, गुण, भाग, बाकी, तुलना, उडी. (खरी नावं वेगळी आहेत, इथे मराठीत लिहितोय.) कुठेही क चा एकही कीवर्ड नाही, वाक्यरचना नाही. आम्ही म्हटलं, हा तर भाषा-निरपेक्षच आहे, वापरा.

पहिल्याच आठवड्यात भागाकाराचा मुद्दा निघाला. ख चा फ्रंटएंड (भाषेतून आयआर काढणारा भाग) लिहिणारी सहकारी म्हणाली, "तुमचा भाग छाटतो. मी त्याच्यापुढे दुरुस्तीच्या इन्स्ट्रक्शन्स काढते." मी म्हटलं, "प्रत्येक भागाकाराला पाच-सहा जास्तीच्या कशाला? फंक्शनच्या माथ्यावर भाषेचं नाव लिही. शेवटी मशीन कोड काढणारा पास ते वाचेल आणि त्याप्रमाणे उत्तर खाली उतरवेल." (पास म्हणजे आयआरवर काम करणारी कंपायलरची एक पायरी.) दोन तासांत काम झालं. सगळ्या टेस्ट हिरव्या झाल्या. मला माझ्या हुशारीचं कौतुकही वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

आता त्या दीड तासाकडे. वेळ छापणारं फंक्शन क मधलं, जुन्या लायब्ररीतलं. ते मिनिटांना ६० ने भागून तास काढतं, बाकीचं चिन्ह पुसून मिनिटं छापतं. छाटणाऱ्या भागाकारात -९० चे तास -१ आणि बाकी -३०, म्हणून -१:३०. अगदी बरोबर. खाली उतरणाऱ्या भागाकारात तास -२ आणि बाकी ३०, म्हणून -२:३०. म्हणजे क च्या फंक्शनला कुणीतरी ख चा भागाकार दिला होता. पण कुणी?

ऑप्टिमायझर (कोड वेगवान करणारे पास) बंद केला की उत्तर बरोबर यायचं. क मधून तेच फंक्शन बोलावलं तरी बरोबर. चूक फक्त ख मधून बोलावल्यावर, आणि तीही ऑप्टिमायझर चालू असताना. म्हणून टेस्ट लहान करायला घेतली. ख मध्ये एक ओळ लिहिली, त्या फंक्शनला थेट -९० दिले. उत्तर आलं -१:३०. बरोबर! मिनिटं फाइलमधून वाचली की चूक, आकडा थेट लिहिला की बरोबर. टेस्ट लहान केली की बग पळायचा. हे दोन दिवस फार वाईट गेले.

शेवटी प्रत्येक पासनंतर आयआर छापला आणि एकेक जोडी डिफ केली. तेवीस पास. चुकीची इन्स्ट्रक्शन कुठे जन्माला येते ते शोधत होतो. मिळाली ती ही ओळ:

ट५ = भाग ट३, ६०

पहिल्या पासआधी हीच आणि तेविसाव्या पासनंतरही हीच. एक अक्षर बदललेलं नाही. कुठल्याही पासने काही बिघडवलेलंच नव्हतं. ओळ तीच राहिली होती, फक्त तिचं घर बदललं होतं. इनलायनरने क चं लहानसं फंक्शन उचलून ख च्या फंक्शनच्या पोटात ठेवलं होतं आणि त्या फंक्शनच्या माथ्यावर लिहिलं होतं: भाषा ख. मशीन कोड काढणाऱ्या पासने माथा वाचला, भाग वाचला आणि इमानेइतबारे खाली उतरवला.

थेट लिहिलेल्या -९० चं रहस्यही तेव्हाच सुटलं. इनलाइन झाल्यावर दोन्ही आकडे माहीत असतील, तर कॉन्स्टंट फोल्डर भागाकार जागेवरच करून टाकतो. हा फोल्डर सी++ मध्ये लिहिलेला आणि तो सी++ चाच भागाकार वापरायचा, म्हणजे छाटणारा. माथ्यावरची भाषा त्याने कधी वाचलीच नव्हती. त्यामुळे या टेस्टमध्ये तो चुकून बरोबर ठरला. आणि ख च्या स्वतःच्या कोडमध्ये तो चुकत होता, पण कुणाला कळलं नव्हतं, कारण उघड दिसणारे आकडे ख चा फ्रंटएंड आधीच सोडवून पाठवायचा. एक बग शोधताना दुसरा असा फुकटात मिळाला.

निरपेक्ष म्हणजे नक्की काय

सगळ्या भाषांसाठी मधे एकच रूप असावं, ही कल्पना १९५८ पासूनची. तेव्हा त्याला अनकॉल म्हणत आणि मेल्विन कॉनवे यांच्यासह काही जणांनी त्याचे प्रस्ताव मांडले होते. गणित साधं आहे: भाषा म, मशीनं न, तर म गुणिले न कंपायलर लिहिण्याऐवजी म फ्रंटएंड अधिक न बॅकएंड. हे गणित प्रत्येक पाठ्यपुस्तकात असतं आणि ऐकायला छान वाटतं. आमच्यासाठी ते करून बघितलं. तीन भाषा (तिसरी येणार हे ठरलं होतं) आणि दोन मशीनं: गुणाकार सहा, बेरीज पाच. फायदा एका तुकड्याचा! लहान टीमने या गणितासाठी आयआर सामायिक करू नये, असं माझं आता स्पष्ट मत आहे. खरा फायदा मधल्या तेवीस पासचा. ते एकदाच लिहायचे, एकदाच तपासायचे. पण पास एकदाच लिहायचा, तर त्याला प्रत्येक इन्स्ट्रक्शनचा अर्थ एकच लागतो. ही इन्स्ट्रक्शन कुठल्या भाषेतून आली, असं पासला विचारावं लागलं की ते तेवीस पास म्हणजे तेवीस गुणिले भाषा.

आमचा आयआर भाषा-निरपेक्ष दिसत होता, कारण त्यात क चं नाव नव्हतं. नाव नव्हतं, कारण गरजच पडली नव्हती. भाग म्हणजे क चा भाग, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुठेच लिहिलेलं नव्हतं.

ही चूक मोठ्या लोकांनीही केली आहे, हे बघून जरा धीर आला. सी++११ ने कंपायलरला अशी मुभा दिली की ज्या लूपचा बाहेर काही परिणाम दिसत नाही, तो कधीतरी संपतोच असं धरावं. एलएलव्हीएमच्या (अनेक भाषांचे कंपायलर वापरतात त्या सामायिक आयआरच्या) पासेसनी ही समजूत सगळ्याच लूपना लावली. एलएलव्हीएमच वापरणाऱ्या रस्ट भाषेत मात्र रिकामा, न संपणारा लूप पूर्ण कायदेशीर आहे. परिणामी रस्टमधला असा लूप कधीकधी उडवला जायचा आणि प्रोग्राम पुढे भलतीकडेच जायचा. हा दोष अनेक वर्षं माहीत असून उघडा राहिला. २०२१ साली आलेल्या एलएलव्हीएम १२ मध्ये मस्टप्रोग्रेस नावाची खूण आली: ज्या भाषेला ही हमी द्यायची आहे, तिच्या फ्रंटएंडने ती लिहून द्यावी, न लिहिल्यास धरू नये. आणि आमच्या कामाची गोष्ट अशी की ही खूण फंक्शनला लावता येते, तशीच ती एकेका लूपवरही लावता येते. इनलायनिंगमध्ये माथा हरवतो, हे तिथेही आडवं आलंच.

भागाकाराबाबतचा त्यांचा धडा त्याहून जुना. आधी एलएलव्हीएममध्ये पूर्णांकाचा टाइपच साइन्ड (ऋण आकडे चालणारा) किंवा अनसाइन्ड (न चालणारा) असायचा आणि भागाकार त्यावरून ठरायचा. २००७ च्या २.० आवृत्तीत टाइपमधून चिन्ह काढून टाकलं. ३२ बिट म्हणजे नुसते ३२ बिट, आणि साइन्ड भागाकार वेगळी इन्स्ट्रक्शन, अनसाइन्ड वेगळी. अर्थ टाइपमधून निघाला आणि क्रियेत गेला. आम्हालाही तेच करायचं होतं, फक्त आमचा अर्थ टाइपपेक्षाही लांब, फंक्शनच्या माथ्यावर जाऊन बसला होता.

पर्याय

क आणि ख मध्ये इनलायनिंग बंद करा, हा पहिला पर्याय कुणीतरी अर्धवट गमतीत सुचवला. तो एका दिवसात झाला असता. पण ख ला वेग मिळत होता तोच क ची लहान फंक्शन्स पोटात घेऊन. त्यावर चर्चा दहा मिनिटं चालली असेल.

दुसरा पर्याय सहकारीचा मूळचा: आयआरमध्ये एकच भागाकार, छाटणारा, आणि ख ने दुरुस्ती स्वतः काढायची. आधी भागफळ, मग बाकी, बाकी शून्य नसेल आणि तिचं चिन्ह भाजकाच्या उलट असेल तर भागफळातून एक वजा. हे बरोबर होतं, आणि मी तेव्हा ऐकलं असतं तर हे प्रकरणच झालं नसतं. तरीही आम्ही ते घेतलं नाही. कारण दोनाच्या घाताने भागताना खाली उतरणारा भागाकार म्हणजे चिन्ह राखून उजवीकडे एक शिफ्ट: -७ एक घर सरकवा, -४ येतात. छाटणाऱ्यालाच उलट आधी जुळवाजुळव करावी लागते. ख चा स्वस्त भागाकार पाच इन्स्ट्रक्शन्समध्ये मोडायचा आणि मग एका पासने ते तुकडे ओळखून पुन्हा जोडायचे, हे मला द्राविडी प्राणायाम वाटतं. फ्रंटएंडला जे नक्की माहीत आहे ते पुसून टाकून मागच्याला अंदाज करायला लावू नये.

म्हणून तिसरा: अर्थ इन्स्ट्रक्शनच्या नावातच.

ट५ = भाग.छाट ट३, ६०
ट९ = भाग.तळ ट७, ६०

माथ्यावरची भाषेची ओळ काढून टाकली. नुसता भाग लिहिला तर व्हेरिफायर (आयआर नियमांत बसतो का ते बघणारा) तो नाकारतो. आता ओळ कुठल्याही फंक्शनमध्ये नेऊन ठेवा, ती आपला अर्थ बरोबर घेऊन जाते.

भागाकार सोपा निघाला. खरं रक्त आटवलं ते बेरजेने. क ला हवी होती जोड.गृहीत: ओव्हरफ्लो (उत्तर रुंदीबाहेर जाणं) होत नाही असं धरा, म्हणजे क्ष अधिक १ हे क्ष पेक्षा मोठंच, तुलना उडवून टाका. हॅश काढणाऱ्या कोडला हवी होती जोड.गुंडाळ, रुंदीबाहेर गेलं की परत पलीकडून सुरू. आणि ख ला हवी होती थांबणारी बेरीज. आम्ही आधी जोड.थांब अशी तिसरी केली आणि दुसऱ्याच दिवशी पास कोसळायला लागले. बेरजेला काही परिणाम नसतो, असं सगळ्या पासनी धरलेलं: उत्तर वापरलं नाही तर उडवा, लूपमध्ये बदलत नसेल तर बाहेर काढा. थांबणारी बेरीज उडवली तर ख चा चूक सांगण्याचा नियम मोडतो. लूपबाहेर काढली आणि लूप एकदाही फिरला नाही, तर जी चूक व्हायलाच नको होती ती होते.

यातून सुटका झाली ती थांबणं बेरजेतून काढून घेतल्यावर. जोड.खूण दोन गोष्टी देते: बेरीज आणि ओव्हरफ्लो झाला का याचा एक बिट. पुढची फांदी फ्रंटएंड स्वतः काढतो, खूण असेल तर चूक सांगणाऱ्या ब्लॉककडे उडी. जोड.खूण पूर्ण निरुपद्रवी आहे, कुठेही हलवा. आणि चूक झाल्यावर काय करायचं (प्रोग्राम थांबवायचा, एक्सेप्शन टाकायचं, आणखी काही) हे आयआरला कळायची गरजच उरली नाही. एलएलव्हीएममध्येही असाच मार्ग आहे, हे आम्हाला नंतर नीट वाचल्यावर उमगलं. आधी वाचलं असतं तर एक आठवडा वाचला असता.

मग प्रत्येक इन्स्ट्रक्शनच्या कडा लिहायला बसलो. सर्वात लहान पूर्णांक भागिले -१, याचं काय? खरं उत्तर रुंदीत मावत नाही. एक्स८६ तिथे ट्रॅप देतो (प्रोग्राम अडवतो), ६४ बिटी आर्म शांतपणे तोच आकडा परत देतो. शून्याने भागलं तर एक्स८६ पुन्हा ट्रॅप, आर्म शून्य देतो. जावाच्या बाइटकोडमध्ये पहिल्या बाबतीत तोच आकडा परत, दुसऱ्यात एक्सेप्शन. वेबअसेम्ब्लीत दोन्हीकडे ट्रॅप. म्हणजे जाणत्या लोकांनी वेगवेगळी उत्तरं निवडली आहेत आणि सगळी चालतात. चालत नाही ते एकच: उत्तर न निवडता बॅकएंडवर सोडून देणं. आम्ही दोन्ही ठिकाणी अर्थ नाही असं लिहिलं, फ्रंटएंडने आधी तपासणी काढावी असं ठरवलं, आणि भाजक शून्य नाही हे सिद्ध झाल्याशिवाय भागाकार फांदीच्या वर हलवायचा नाही हा नियम घातला. शिफ्टचा आकडा रुंदीपेक्षा मोठा असेल तर तो रुंदीच्या बाकीवर आणायचा. यावर वाद झाला, शेवटी मत मोजून निकाल लावला.

हे सगळं कागदावर लिहून भागत नाही, कागद कुणी वाचत नाही. म्हणून आयआरचा एक इंटरप्रिटर (मशीन कोड न काढता आयआर थेट चालवणारा) लिहिला, मुद्दाम संथ आणि बाळबोध. प्रत्येक इन्स्ट्रक्शनला एक फंक्शन, तेच तिचं अधिकृत स्पष्टीकरण. कॉन्स्टंट फोल्डरचा स्वतःचा भागाकार काढून टाकला, आता तोही याच फंक्शन्सना विचारतो. रात्रभर एक स्क्रिप्ट यादृच्छिक आयआर बनवते, एकदा इंटरप्रिटरमध्ये चालवते, एकदा सगळे पास लावून मशीनवर, आणि उत्तरं ताडून बघते. अख्ख्या कामात सर्वात जास्त परतफेड केली ती याने. मी पुन्हा कधी आयआर केला तर पहिल्या पासच्या आधी इंटरप्रिटर लिहीन.

जे आत घेतलं नाही त्याबद्दल थोडक्यात. स्ट्रिंग आयआरमध्ये नाही: दोन्ही भाषांच्या स्ट्रिंगमध्ये नावापलीकडे काही साम्य नाही, त्या रनटाइमच्या फंक्शन्स म्हणूनच येतात. आर्ग्युमेंट आधी कुठलं काढायचं हा भाषांमधला मोठा भेद आयआरमध्ये आपोआप विरघळतो, कारण इथे ओळी एकामागून एकच असतात. फ्रंटएंड ज्या क्रमाने लिहील तो क्रम. गार्बेज कलेक्शनसाठी (न लागणारी मेमरी आपोआप परत घेण्यासाठी) लागणारी पॉइंटरची माहिती मात्र ख साठी आत आणावी लागली. ते अजूनही मला डाचतं, क ला त्याचा काडीचा उपयोग नाही.

किंमतही पडली. छापलेला आयआर लांबला. बीजगणिताचे नियम लावणारा पास जवळजवळ दुप्पट झाला, कारण जोडच्या तीन जातींपैकी कुठला नियम कुणाला चालतो ते लिहावं लागलं. तो पास सांभाळणारा मित्र मला अजून टोमणे मारतो.

तिसरी भाषा

काही महिन्यांनी ग आली, पास्कल वळणाची. तिच्या भागाकाराची व्याख्या मी दोनदा वाचली. पास्कलच्या आयएसओ मानकाप्रमाणे डिव्ह छाटतो, पण मॉडचं उत्तर कधीच ऋण नसतं आणि भाजक धनच हवा. म्हणजे -७ डिव्ह २ केलं की -३, आणि -७ मॉड २ केलं की १. भागफळ एका पंथाचं, बाकी दुसऱ्या. माथ्यावर भाषा लिहिण्याच्या जुन्या पद्धतीत आणखी एक फाटा फुटला असता. इथे ग च्या फ्रंटएंडने भागफळासाठी भाग.छाट काढला, बाकीसाठी बाकी.तळ, वर भाजकाची तपासणी. आयआरमध्ये एकही नवी इन्स्ट्रक्शन लागली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी रात्रीच्या स्क्रिप्टचा निकाल लाल होता:

-७, २: भाग.छाट -३, बाकी.तळ -१, हवे १

एक्स८६ ची भागाकाराची इन्स्ट्रक्शन भागफळ आणि बाकी एकदमच देते, म्हणून बॅकएंडमध्ये एक लहानसा पास त्याच दोन आकड्यांचा भाग आणि बाकी शोधून दोघांची एक इन्स्ट्रक्शन करायचा. नावातला टिंबाआधीचा तुकडाच तो बघत होता. तो पास मीच लिहिला होता, क च्या काळात. दुरुस्ती एका ओळीची होती, जेवायच्या आधी झाली.